एफएल-वन गोडाऊनमधनं हेम्पचा माल विकायचा म्हणतायत, कुणाला काही माहिती आहे का?

रंकाळाकाठ

मंडळी प्रश्न जरा लांब आहे, पण पूर्ण वाचून मग बोला. काकांचं दारूचं होलसेल आहे कोल्हापुरात, एफएल-वन लायसन्स, मी तिथं बिलिंग आणि व्हॅटचं बघतो. परवा उत्तराखंडच्या एका कंपनीचा माणूस आला, सोबत सॅम्पलची पिशवी, त्यात हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच जातीच्या पण कमी नशेच्या झाडाच्या, बियांचं तेल, बियांची पावडर आणि लाडू. लाडवाचं पाकीट हिरवंगार, मागं चौदा आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा खातं) नंबर आहे, पुढं "रिलॅक्स" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि पानाचं चित्र. ते पान बघून आमचा गोडाऊनकीपर दोन पावलं मागं सरला.

त्या माणसाचं म्हणणं असं की तुमच्याकडं गाड्या आहेत, सेल्समन आहेत, वाइन शॉप आणि परमिट रूमची लाइन तयार आहे, तर जिल्ह्याचं डिस्ट्रिब्युशन तुम्हीच घ्या, आणि अमेरिकेत आता गांजाच्या गोळ्या नि पेयाचे कॅन दारूचे होलसेलरच विकतात, उद्या इथं कायदा बदलला की गमी, म्हणजे त्या जेलीसारख्या चघळायच्या गोळ्या, पण आणू, पहिला हक्क तुमचा. काका निम्मे पटलेत. जून २०२५ ला ड्युटी वाढल्यापासून मिडियम ब्रँडची उलाढाल बसलीय त्यामुळं नवीन काही दिसलं की त्यांचे डोळे चमकतात.

मी नेटवर थोडं बघितलं तर अमेरिकेचं खरंच आहे असं दिसतंय, पण तिथं ते नेमकं चालतं कसं, दारूच्या होलसेलरलाच का दिलं, आणि तिथल्या भरवशावर आपण इथं पाय टाकावा का? लायसन्स कुठलं लागणार, एक्साइजचं का फूडचं? आणि हा माल दारूच्याच गोडाऊनमध्ये ठेवला तर चालतंय काय? ज्यांनी प्रत्यक्ष धंदा केलाय त्यांनी सांगा, व्हॉट्सॲपवरचं ज्ञान नको.

पांढरा_रस्सा_वाढा

भावा लाडू शिल्लक असतील तर पत्ता पाठव, टेस्टिंग मी करून देतो, फुकट.

उचगाव_नाका

वरच्याकडं लक्ष देऊ नका. मी दारूच्या होलसेलमध्येच आयुष्य काढलंय, आता लायसन्सची कागदपत्रं करून देतो. सरळ सांगतो, त्या माणसानं दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घालून आणल्यात आणि तुमच्या काकांना एकच गोष्ट म्हणून दाखवल्या.

पहिली गोष्ट, बियांचा माल. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा, त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि बिया नि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती त्या व्याख्येतनं बाहेर. म्हणून बियांचं तेल, बियांची पावडर हे विकता येतं. उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी घरोघरी करतात, आपल्याकडं कारळ्याची करतात तशी. २०२१ च्या नोव्हेंबरात एफएसएसएआयनं बियांना खाद्यपदार्थ म्हणून रीतसर मान्यता दिली. ह्यात एक्साइजचा संबंधच नाही, तुमचं एफएल-वन इथं शून्य कामाचं.

दुसरी गोष्ट, गमी आणि कॅन. ज्यात टीएचसी म्हणजे नशेचा घटक मुद्दाम घातलेला असतो. ते इथं सरळ गुन्हा आहे. कायद्याच्या व्याख्येत चरस आहे, गांजा आहे आणि त्यांचं कुठलंही मिश्रण आणि त्यापासून केलेलं कुठलंही पेय असंसुद्धा लिहिलंय, म्हणजे कॅन काढायचा म्हणला तरी तो १९८५ लाच व्याख्येत बसवून ठेवलाय. वरनं सुप्रीम कोर्टाचा २०२० चा हिरा सिंग निकाल बघा, मिश्रणात शुद्ध नशेचा भाग किती ते बघायचं नाही, अख्ख्या मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे गमीतली साखर आणि जिलेटिन पण वजनात. पेटीभर गमी सापडल्या तर पेटीभरच मोजणार. आणि कमर्शियल क्वांटिटीत गेलं की कलम ३७, जामिनासाठी वर्षानुवर्षं चपला झिजतात.

आणि पानं म्हणजे भांग, ती एनडीपीएसमधनं सुटली म्हणून मोकळी झाली असं समजू नका. आपल्या राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा, त्यात मादक पदार्थात भांग धरलीय. उत्तर प्रदेशात सरकारी भांगेचं दुकान असतं म्हणून इथं शिवाजी चौकात टाकता येत नाही.

गोडाऊनचं तर विचारूच नका. मंजूर नकाशातली जागा, स्टॉक रजिस्टर, टीपी म्हणजे वाहतुकीचा पास, सगळं दारूचं, त्यात मधेच पानाचं चित्र असलेली पाकिटं दिसली की इन्स्पेक्टर काय म्हणणार? माल कायदेशीर आहे हे सिद्ध करेपर्यंत गोडाऊनला सील. दारूवर व्हॅट आणि ड्युटी, ह्या मालावर जीएसटी, तिकडं टीपी, इकडं ई-वे बिल, वहीच वेगळी.

मिनियापोलिसकर

मी मूळचा शाहूपुरीचा, सध्या मिनेसोटात, बिअर डिस्ट्रिब्युटरकडं वेअरहाऊसचं काम बघतो, त्यामुळं अमेरिकेचा भाग मी सांगतो, आपल्याकडच्या कायद्याचं उचगाव नाकावाले सांगतायत ते सोन्यासारखं आहे.

सुरुवात २०१८ च्या फार्म बिलनं, म्हणजे इथल्या केंद्राच्या शेतीच्या कायद्यानं झाली. त्यात हेम्प म्हणजे ज्या झाडात सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यापेक्षा जास्त डेल्टा-नाइन टीएचसी नाही ते झाड, आणि ते ड्रगच्या यादीतनं बाहेर. हेतू होता दोर, कापड, बी-बियाणं. पण मोजमाप वजनाच्या टक्क्यात ठेवल्यामुळं भगदाड पडलं. ५ ग्रॅमची गमी घ्या, तिच्या ०.३ टक्के म्हणजे १५ मिलिग्रॅम, जो माणूस कधी घेत नाही त्याला एवढ्यात आडवं करायला पुरेसं. आणि ३५५ मिलीचा कॅन धरला तर हिशोब हजार मिलिग्रॅमच्या वर जातो! झाडासाठी केलेलं माप खाऊला लावलं की असं होतं. मग पेट्रोल पंपावर, सिगारेटच्या दुकानात, ऑनलाइन, कुठंही माल, वय कोण विचारत नाही, पाकिटावर लिहिलंय तेवढंच आत आहे का हे कोण तपासत नाही.

मिनेसोटानं २०२२ च्या जुलैपासून स्वतःचं माप घातलं, एका सर्व्हिंगला ५ मिलिग्रॅम, पाकिटात ५०, वय २१. २०२३ ला कॅनमध्ये १० ची मर्यादा आली आणि दारूच्या दुकानांना विकायला मुभा. इथं दारू त्रिस्तरीय चालते, १९३३ ला दारूबंदी उठली तेव्हापासनं, उत्पादक वेगळा, होलसेलर वेगळा, दुकान वेगळं, एकमेकांचे मालक व्हायचं नाही. १७ राज्यांत तर स्पिरिटचा होलसेलर स्वतः सरकार आहे, तुमच्या निपाणीपलीकडं कर्नाटकात बेव्हरेजेस कॉर्पोरेशनचं आहे तसंच. राज्याला होलसेलर आवडतो कारण दुकानं हजारो, कंपन्या परराज्यात, मधले होलसेलर मात्र बोटावर मोजण्याइतके आणि लायसन्स गमवायची भीती असलेले, टॅक्स तिथं पकडता येतो, परत बोलवायचा माल तिथं सापडतो. टेनेसीनं २०२५ ला कायदा करून हेम्पचं खातंच शेतीकडनं काढून दारूच्या आयोगाकडं दिलं, २०२६ च्या १ जानेवारीपासून. केंटकीनं पण कॅन दारूच्या खात्याखाली नेले. आणि होलसेलर लोकांची संघटना वॉशिंग्टनमध्ये उघडपणे हेच मागतीय, की बंदी नको, दारूसारखं नियमन करा. त्यांचं बिअरचं गिऱ्हाईक कमी होतंय, कॅन त्याच गाडीत बसतात, स्वार्थ स्पष्ट आहे आणि ते लपवत पण नाहीत.

आता वेअरहाऊसमधलं सांगतो. बिअरचा ट्रक आला की आम्ही पॅलेट मोजतो, तारीख बघतो, आत. हेम्पचा आला की प्रत्येक लॉटचा लॅब रिपोर्ट लागतो, पाकिटावरचा लॉट नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकेक करून जुळवायचा, नाही जुळला की पॅलेटला लाल चिठ्ठी आणि जाळीच्या पिंजऱ्यात कुलूप. सुरुवातीला आमचीच पोरं वैतागली, एका अक्षराच्या फरकासाठी अख्खं पॅलेट अडवायचं म्हणजे काय. बिअरवाल्याला पेट्या मोजायची सवय, मिलिग्रॅमची नाही, खरी अडचण ही आहे आणि कायदा लिहिणाऱ्यांना ती नीट दिसलेली नाही असं माझं मत. दारूच्या बाटलीत ४२.८ टक्के लिहिलंय तर ती ढवळली तरी सगळीकडं सारखीच, गमीचं मिश्रण नीट ढवळलं नाही तर त्याच पाकिटात एक गोळी दोनची आणि एक नऊची निघू शकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या त्या माणसानं सांगितलं नसणार. १२ नोव्हेंबर २०२५ ला इथल्या केंद्राच्या खर्चाच्या बिलात एक कलम घुसवून सही झाली. तयार मालाच्या एका डब्यात एकूण टीएचसी ०.४ मिलिग्रॅमच्या वर नको. एक वर्षाची मुदत. म्हणजे ते तसंच लागू झालं तर मिनेसोटाचा ५ चा आणि १० चा सगळाच माल केंद्राच्या लेखी बेकायदा. आमच्याकडं केंद्राचं दारूचं परमिट आहे, ते धोक्यात घालून कोण कॅन विकणार? आमचे मालक नवीन ऑर्डर आखडत्या हातानं देतायत. तर "अमेरिकेत चालतंय" ह्या वाक्यावर पैसे लावू नका.

बावड्याचा_औषधवाला

मला एक कळत नाही, नियमन करायचंच तर दारूवाल्याकडं कशाला? आमच्या औषधाच्या होलसेलमध्ये बॅच नंबर आहे, एक्स्पायरी आहे, रिकॉल आला की कुठल्या दुकानात किती पट्ट्या गेल्या ते दहा मिनिटात निघतं, पुढं मेडिकल दुकानात शेड्यूल एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीवरच्या कडक औषधांचं रजिस्टर आहे. ज्याला मिलिग्रॅम कळतात त्याला द्या की. दारूचा पेग घेतला की पंधरा-वीस मिनिटात माणसाला कळतं चढतीय का, खायची गोळी पोटातनं जाते, अर्धा तास ते दीड तास काहीच होत नाही, मग माणूस म्हणतो हिच्यात दम नाही नि दुसरी घेतो, मग तिसरी. त्यात दोन पेग आधीच झालेले. आणि घरात गमी पडलेली असली तर लेकराला ती चॉकलेटच दिसणार. ज्या सेल्समनला "दहा पेट्यांवर एक फ्री" एवढंच माहीत त्याच्या हातात हे देणं म्हणजे कठीण आहे.

आणि इथं सुद्धा, पानापासनं बनलेलं जे खरं औषध आहे ते आयुर्वेदात विजया नावानं आयुष लायसन्सखाली येतं, वैद्यांच्या चिठ्ठीवर. तो रस्ता आहे, तो सोडून लाडवावर "रिलॅक्स" लिहायची गरज काय?

मिनियापोलिसकर

@बावड्याचा_औषधवाला तुमचा मुद्दा बरोबर, पण अर्धा. इथं फार्मसीत ते जाऊच शकत नाही कारण औषध म्हणलं की एफडीएची, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याची मंजुरी पाहिजे, आणि एफडीए हे खाऊत घालायलाच मान्य करत नाही. म्हणून जो दरवाजा उघडा होता त्यातनं माल गेला. शिवाय वय तपासायची सवय दारूच्या दुकानालाच आहे, रोज शंभर जणांचं ओळखपत्र बघतात.

खायच्या गोळीचं जे तुम्ही म्हणताय ते मिनेसोटानं थोडं धरलंय. गमी काउंटरच्या मागं ठेवायच्या, पाकीट मुलांना उघडता येणार नाही असं, चॉकलेट-गोळ्यांच्या ओळखीच्या ब्रँडसारखं दिसायला नको. बारमध्ये बसून प्यायचा कॅन असेल तर दारूत मिसळायचा नाही, आणि ज्या गिऱ्हाइकाला तिथंच दारू दिलीय त्याला पुढचे पाच तास हेम्प द्यायचं नाही. आता हा पाच तासाचा नियम शनिवारी रात्री भरलेल्या बारमध्ये कोण पाळतंय हे तुम्हीच ओळखा. पण हे सगळे नियम दुकानावर, होलसेलरवर फक्त कागद जुळवायची जबाबदारी. मला विचाराल तर होलसेलरनं महिन्याला चार-दोन लॉट स्वतः उघडून दुसऱ्या लॅबला पाठवावेत अशी सक्ती पाहिजे, कारण आत्ता रिपोर्ट कंपनीच निवडलेल्या लॅबचा असतो आणि जी लॅब कडक वागते तिला पुढच्या वेळी काम मिळत नाही.

उचगाव_नाका

आपल्याकडं असला कायदा सहज होईल असं समजू नका. २०२२ ला सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ झाला, अण्णा हजारे उपोषणाला बसायच्या बेतात होते, आणि ती तर नुसती द्राक्षाची वाइन. त्यामुळं "उद्या कायदा बदलणार" हे कंपनीवाल्यानं सांगणं म्हणजे बाजारात तुरी. आणि राज्याराज्यात वेगळा कायदा असला की काय होतं ते आंबोली नि चंदगडच्या रस्त्यावर बघा, गोव्याची बाटली इकडं पकडली की गुन्हा, गाडी जप्त. तिथल्या मिनेसोटाचा कॅन शेजारच्या राज्यात नेला की तीच गत असणार.

फूड_लायसन्स_राजारामपुरी

उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाचं फूडचं उत्तर कुणीच पूर्ण दिलं नाही म्हणून लिहितोय.

रंकाळाकाठ, बियांचा माल घ्यायचाच असेल तर वेगळी फर्म काढा, घरातल्या कुणाच्याही नावानं, वेगळी जागा, वेगळा जीएसटी नंबर, आणि फॉसकॉसवर, म्हणजे एफएसएसएआयच्या लायसन्सच्या साइटवर, होलसेलर-डिस्ट्रिब्युटर म्हणून अर्ज. दारूच्या फर्मवर अजिबात नको. सेल्समन पण वेगळा. वाइन शॉपला हा माल टाकायचा विचार तर डोक्यातनं काढा, ड्राय फ्रूटवाले, जिमवाले, सेंद्रियवाले हे तुमचं गिऱ्हाईक.

आता मापाचं. एफएसएसएआयनं बियांच्या खाद्यपदार्थात एकूण टीएचसी किलोमागं ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवलाय, पेयात ०.२. वर मिनियापोलिसकर म्हणाले तो ०.३ टक्के म्हणजे किलोमागं ३००० मिलिग्रॅम. ६०० पट फरक! त्यामुळं कंपनीवाला "आमचा माल अमेरिकन स्टँडर्डनुसार आहे, ०.३ च्या आत" असं अभिमानानं म्हणाला तर तिथंच चहा पाजून वाटेला लावा. बी स्वतः जवळजवळ स्वच्छ असतं, पण काढणीत शेंड्याचा चिकट भाग सालीला लागतो, नीट साफ केलं नाही तर तिथनं टीएचसी येतो.

आणि ते "रिलॅक्स" आणि पान. खायच्या लाडवाला तणाव कमी करतो, झोप लागते असं काही चिकटवलं की तुम्ही खाद्यपदार्थातनं बाहेर पडून औषधाच्या दारात उभे. फूड इन्स्पेक्टरला नमुना घ्यायला ते एक पाकीट पुरेसं आहे, आणि नमुना फेल गेला तर नोटीस कंपनीला आणि तुम्हाला दोघांना. तुमचं बिल पक्कं असेल, माल सीलबंद तसाच दिला असेल तर बचाव आहे, पण फेऱ्या काय चुकत नाहीत.

आपल्या तालमीतल्या थंडाईत खसखस घालतात ना, ती अफूच्याच झाडाची, इथं वाण्याकडं मिळते आणि दुबईला नेली तर आत टाकतात. म्हणून बी निर्दोष आहे एवढ्यावर थांबायचं नाही, कागद सोबत पाहिजे.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे आभार, एवढं खोलात कोण जाईल असं वाटलं नव्हतं. काल काकांना सगळं वाचून दाखवलं. हिरा सिंगचं ऐकून गमीचं भूत उतरलं, त्यांनी त्या माणसाला फोन लावून सांगितलं गमीचा विषय परत काढू नकोस. बियांच्या तेलाचं मात्र अजून मनात आहे, काकू म्हणतीय माझ्या नावानं काढा, गांधीनगर रोडला एक गाळा रिकामाच पडलाय. लाडू नको ठरलं, त्या पाकिटामुळं.

कंपनीकडं लॉटचा लॅब रिपोर्ट मागितला, तर त्यानं व्हॉट्सॲपवर एक पान पाठवलं, त्यात "टीएचसी ०.० टक्के" एवढंच आहे, लॉट नंबर दिसत नाही. हा चालेल काय?

फूड_लायसन्स_राजारामपुरी

नाही चालत. ०.० टक्के म्हणजे ०.०४ पण असू शकतं, गोल केलं की शून्यच दिसतं, आणि ०.०४ टक्के म्हणजे किलोमागं ४०० मिलिग्रॅम. तुम्हाला पाहिजे ५ च्या आत. आकडा मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये लिहिलेला पाहिजे, एकूण टीएचसीचा पाहिजे, त्या मशीनला कमीत कमी किती पकडता येतं ती मर्यादा लिहिलेली पाहिजे, लॉट नंबर तुम्हाला मिळणाऱ्या बाटलीवरचाच पाहिजे, आणि लॅबला एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता ह्याच चाचणीसाठी आहे का ते त्यांच्या यादीत बघा, नुसता लोगो बघू नका. त्याला म्हणावं असा रिपोर्ट दे, मग ॲडव्हान्सचं बोलू. आणि काकूंच्या नावाचा अर्ज गाळ्याचं भाडेपत्र झाल्याशिवाय भरू नका, पत्ता बदलायला परत फी बसते.

मिनियापोलिसकर

वरचं सगळं पिंजऱ्याच्या दारावर चिकटवण्यासारखं आहे. ॲडव्हान्स तर रिपोर्ट आल्यावरसुद्धा पहिल्या लॉटपुरताच द्या.